काळजीवाहू मामी

ता. ९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

मामीचे आशीर्वाद. आम्ही इथे ठीक आहोत, तूही ठीक असशील. ही ओळ पत्रात लिहायचीच असते म्हणून लिहिली. खरं तर आम्ही ठीकबीक काही नाही, आणि माझं डोकं सकाळपासून तापलेलं आहे. फोनच केला असता, पण फोनवर तू "मामी, आवाज तुटतोय" म्हणतेस, आणि तो नेमका तुझ्या आईचा विषय निघाला की तुटतो. म्हणून आता पत्र. याला रेंज लागत नाही.

पार्सल पोचलं. बोलणारं घड्याळ छान आहे. तासातासाला त्यातली बाई वेळ सांगते. वन्संनी पहिल्या दिवशी तिला "आत या, बसा" म्हटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्याशी अबोला धरला, कारण सांगूनही ती बसत नाही. मी सेल काढून ठेवलेत. त्याआधीची मालिश करणारी उशी आणि त्याआधीची न घसरणारी चटई कपाटात नीट आहेत. एक छोटं दुकान निघेल एवढं सामान जमलंय. राग मानू नकोस, पण तुझ्या आईसाठी वस्तू निवडायला तुला जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात माणूस इथे येऊन चहा पिऊन परत जाईल.

असो. पत्रास कारण की, सरकारने एक योजना काढली आहे. घरातल्या आजारी माणसाचं जे बिनपगारी करतात त्यांच्यासाठी. त्यात दरमहा थोडा भत्ता मिळतो आणि वर्षातून एकदा 'विसावा' मिळतो. म्हणजे पंधरा दिवस ते आजारी माणसाला सरकारी शुश्रूषागृहात ठेवून घेतात आणि घरच्या माणसाला मोकळं करतात. भत्त्याचं मला एवढं नाही, पडदे शिवून माझं भागतं. मला ते पंधरा दिवस हवेत. कशाला, ते विचारू नकोस. जरा कुठेतरी फिरून येईन म्हणते.

अर्ज भरला की घरी तपासनीस येतो. आता आपल्याकडे कोणी येणार म्हटल्यावर काय होतं ते तुला ठाऊक आहे. मी आदल्या दिवसापासून कामाला लागले. फरशी पुसली. खिडक्यांना नवे पडदे लावले, गिऱ्हाइकाचे होते, एका दिवसापुरते. वन्संना आंघोळ घातली, केस विंचरले, इस्त्रीचे कपडे घातले, हाताला टायपिंगच्या वर्गात शिकवताना घालायच्या ते घड्याळ बांधलं. पॉटच्या खुर्चीवर चादर टाकून वर फुलदाणी ठेवली. औषधं खणात सरकवली. पहाटे गादीचं जे झालं होतं ते धुऊन मागच्या बाजूला वाळत टाकलं, म्हणजे समोरून दिसायला नको.

आले गृहस्थ. गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेला, आवाज मऊ. वन्संना म्हणाले, "आजी, आज वार कोणता?"

वन्सं म्हणाल्या, "का? तुम्हाला माहीत नाही?"

ते हसले आणि त्यांनी काहीतरी लिहिलं. मग वन्संनी त्यांच्या हातातला कागद मागितला. मी म्हटलं, देऊ नका, फाडतील. पण त्यांनी दिला. वन्संनी चष्मा लावला, ओळीखाली बोट धरलं, आणि एका शब्दाशी थांबल्या. आणि गं भिंगरी, तो आवाज निघाला. टायपिंगच्या वर्गातला. मागच्या बाकावरची मुलगी कळफलकाकडे बघत टाइप करायला लागली की निघायचा, तो.

"काळजीवाहू नव्हे. काळजीवाहक! काळजीवाहू सरकार असतं. निवडणूक होऊन नवीन येईपर्यंतचं. माणूस कसा असेल काळजीवाहू? कोणी टाइप केलंय हे? पुन्हा करून आणा."

तो चष्मेवाला खुर्चीत ताठ बसला. मीसुद्धा बसले. ते गेल्यावर वन्संनी मला विचारलं, "कोण होते हे? फी भरली का त्यांनी?" आणि त्याच खुर्चीत त्यांना लघवी झाली. चष्मेवाला तोवर कोपऱ्यावर वळला होता. हाक मारून बोलवावं असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू.

आज निकाल आला. "घर नीटनेटके. व्यक्ती स्वच्छ व सावध. भाषेवर उत्तम प्रभुत्व. मदतीची आवश्यकता आढळली नाही."

म्हणजे मी नीट करते, म्हणून मी करतच नाही! दोन दिवस घर झिजवून मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. आणि तुझ्या आईने, ज्यांना माझं नाव आठवत नाही, त्यांनी सरकारचं व्याकरण सुधारून दिलं. मी अपील करणार आहे. सोडत नाही मी.

तुझी चिडलेली,
मामी


ता. २ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. तुझं उत्तर मिळालं. चार ओळींचं, पण मिळालं. "मामी, चिडचिड करू नकोस, तब्येतीला जप" हे वाचून मी पुन्हा चिडले. सोबत न गळणारी पाण्याची बाटली आली. ती खरंच गळत नाही. तिच्यातून पाणी बाहेरच येत नाही.

फिरायला कुठे जाणार विचारलं आहेस. डोंगरावर जाईन, नाहीतर समुद्रावर. ठरलं नाही.

अपिलाला आम्ही दोघी गेलो. वन्संना एकटं ठेवता येत नाही, म्हणून आजारी माणसाला घेऊन 'आजारी माणूस घरी असतो' हे सिद्ध करायला गेले. कार्यालयाला चाकाच्या खुर्चीसाठी उतार केला आहे, अगदी गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी कठडे. उताराच्या टोकाला दार आहे आणि दाराला कुलूप. किल्ली वरच्या मजल्यावर असते. वर जायला पायऱ्या. मी खाली वन्संना सोडून किल्ली आणायला जाऊ, की किल्ली मिळेपर्यंत हाका मारत उभी राहू? शेवटी एका पोस्टमनने आणि मी खुर्ची उचलून पायऱ्यांवरून नेली. नको होतं उचलायला. पण उचलली.

आत सगळ्या खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या. भिंतीवर मोठं चित्र, त्यात एक तरुण बाई एका म्हाताऱ्याला चमच्याने भरवते आहे आणि दोघंही हसताहेत. मी बराच वेळ त्या चित्राकडे बघत होते. तिच्या अंगावर एक डाग नव्हता.

खिडकीवरच्या मुलीने विचारलं, "पेशंट तुमच्या कोण?"

म्हटलं, "नणंद."

तिने यंत्रात शोधलं. "नणंद येत नाही. आई, वडील, सासू, सासरे, नवरा, बायको, मुलगा, मुलगी. यातलं काय?"

"यातलं काही नाही. त्या माझ्या नवऱ्याची बहीण. मी त्यांची भावजय."

"भावजय पण येत नाही."

"मग 'इतर' करा."

"इतर बंद केलं, मावशी. इतरमध्ये सगळेच यायला लागले होते." मग म्हणाली, "तुमचे मिस्टर आहेत का?"

"नाहीत. जाऊन खूप वर्षं झाली."

"मग तसं तर तुमचं आता त्यांच्याशी नातंच राहत नाही."

भिंगरी, मी शहाण्यासारखं गप्प बसायला हवं होतं. पण माझा तोंडाचा पट्टा सुटला. म्हटलं, "तू मला मावशी म्हणतेस ते कुठल्या यादीतून? माझी बहीण तुझ्या घरी दिली आहे का?" ती बिचारी गोरीमोरी झाली. मागची माणसं हसली. वन्संनाही हसू आलं, कशाचं ते त्यांनाच ठाऊक. मग त्या मुलीने काहीतरी दाबलं आणि चिठ्ठी बाहेर आली: "नाते: लागू नाही."

ती चिठ्ठी मी पाकिटात ठेवली आहे. लागू नाही म्हणे! तुझा मामा गेला तेव्हा मला ना माहेर उरलं होतं, ना सासरी कोणाला मी हवी होते. दीर म्हणाले, बघू. जाऊ म्हणाली, बघू. वन्सं आल्या, बघू म्हणाल्या नाहीत. "सामान बांध" म्हणाल्या. माझं शिलाई मशीन त्यांनी स्वतः एका बाजूने धरून टेम्पोत चढवलं. तू तेव्हा शाळेत होतीस, टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून पाय हलवत होतीस आणि विचारत होतीस, मामी आता कायमची का? वन्सं म्हणाल्या, "मग? पाहुणी म्हणून मशीन घेऊन येतं का कोणी?" मला तर तेवढ्यात नातं लागू झालं होतं. सरकारला अजून व्हायचं आहे.

आम्ही बोलत असताना, म्हणजे मी ओरडत असताना, वन्सं खिडकीच्या कडेवर बोटं चालवत होत्या. हल्ली सारखी चालतात. पांघरुणावर, ताटाच्या काठावर, माझ्या पाठीवरसुद्धा. दहाही बोटं, बरोब्बर तालात, अंगठा मधेच जागा सोडायला. त्या मुलीने हळूच विचारलं, "यांना कंप आहे का?" मी म्हटलं, कंप नाही, स्पीड आहे. तिला कळलं नाही.

निघताना ती म्हणाली, "पोटची मुलगी आहे ना त्यांना? तिने लिहून दिलं की ती आईचं करत नाही, तर तुमची केस विशेष बाब म्हणून वर पाठवता येईल." असं पत्र मी तुझ्याकडे मागत नाहीये. कानावर घातलं फक्त. "मी माझ्या आईचं करत नाही" असं तुला स्वतःच्या हाताने लिहायला लावणं माझ्या जिवावर येतं. आणि तू ते पटकन लिहून पाठवलंस तर मला जास्तच वाईट वाटेल.

तुझी,
नाते लागू नसलेली,
मामी


ता. २९ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. यावेळी पार्सल आलं नाही, तर चुकल्यासारखं झालं. बरी आहेस ना?

एक बातमी आहे. मंजूर झालं. भत्ताही आणि विसावाही. तारखा एप्रिलअखेरच्या. पण थोडा घोळ झाला आहे.

अपिलामुळे तोच चष्मेवाला पुन्हा आला. यावेळी मी शहाणी झाले होते. काही आवरलं नाही. पॉटची खुर्ची मधोमध. औषधं टेबलावर. वाळत घातलेल्या चादरी समोरच्याच दोरीवर, दारातून येणाऱ्याला डोकं वाकवून यावं लागेल अशा. मुद्दाम पसारा करणं किती अवघड असतं म्हणून सांगू! हात सारखे शिवशिवत होते. भांडी विसळायची राहिलेली बघून तर मला माझीच लाज वाटत होती. चष्मेवाल्याने पाहिलं, नाक मुरडलं नाही, खुर्चीवरचा टॉवेल बाजूला करून बसला. माणूस वाईट नाही तो. म्हणाला, "मागच्या वेळी असंच ठेवायचं होतं की." म्हटलं, "पाहुण्यांसमोर?" तो म्हणाला, "मी पाहुणा नाही हो, मी तपासनीस." हे मला कोणी आधी का सांगितलं नाही?

त्याने वन्संना उठायला सांगितलं, त्यांना जमलं नाही. मी काखेत हात घालून उठवलं. घास भरवून दाखवला. सगळं बघून त्याने भराभर खुणा केल्या. मग माझ्याकडे बोट करून वन्संना विचारलं, "आजी, या कोण?"

आणि तिथे तो घोळ झाला. त्याने माझ्या जागी तुझं नाव लिहिलं. काळजीवाहक: मुलगी. तुझं शाळेतलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. चुकून झालं. मी सांगितलं त्याला, पण तो म्हणाला की आता लिहिलं गेलंय, खोडलं तर पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे कागदोपत्री तू इथेच राहतेस. रोज पहाटे उठतेस, चादरी धुतेस, वन्संना उचलतेस. अभिनंदन.

खिडकीवरच्या मुलीला विचारलं, तर तिने इकडेतिकडे बघून आवाज खाली केला. म्हणाली, "राहू द्या ना, मावशी. लेकीच्या नावाने सही ठोका आणि मोकळ्या व्हा. कोण बघतंय?" नाव दुरुस्त केलं तर मी येते, आणि माझं नातं लागू नाही, म्हणजे सगळंच रद्द. बघ कसं गोड त्रांगडं आहे ते.

मी अजून सही केलेली नाही. तुला काय वाटतं ते कळव.

तुझी,
मामी


ता. ११ एप्रिल

भिंगरी,

तुझं पत्र आता माझ्यासमोर आहे. "मामी, माझ्या नावाने सही कर ना, मला चालेल. माझा फोटो आणि कागद पाठवू का?"

तुला चालेल! वाचून मी मशीनवरून उठले, घरभर फिरले, परत बसले, परत वाचलं. इतकी वर्षं मी तुझ्यावर रागावले नव्हते, रागावल्याचं नुसतं नाटक करत होते. आज खरी रागावले आहे. आजच्या पत्रात आशीर्वाद नाहीत. शेवटी जमलं तर देईन.

आधी मी काय काय लपवलं ते सांगते, म्हणजे तुला उगाच वाटायला नको की मामी फार सरळ आहे.

फिरायला मी कुठेही जाणार नाही. डोंगर नाही नि समुद्र नाही. मला हर्निया झाला आहे. उचलून उचलून झाला. वन्संना उठवताना पोटात काहीतरी बाहेर येतं, मग मी झोपून ते आत ढकलते आणि पुन्हा कामाला लागते. पडद्याच्या जाड कापडाचा एक पट्टा शिवलाय, तो आवळून बांधते. छान शिवलाय, दोन गिऱ्हाइकांनी विचारलं कुठून घेतला. डॉक्टरीणबाई मात्र काही हसल्या नाहीत. म्हणाल्या, हे आता थांबण्यासारखं नाही, अडकलं तर त्याच दिवशी कापावं लागेल, आणि तेवढा वेळ मिळेलच असं नाही. मी घरात आडवी पडले आणि वन्सं पलंगावर बसून बोटं चालवत राहिल्या, असं चित्र मला रोज दिसतं. त्या दार उघडू शकत नाहीत. फोन त्यांच्या हाती दिला तर त्यावर टाइप करतात. त्यांना भूक लागेल आणि त्या मला हाका मारतील, आणि हाका कुठल्या नावाने मारतील ते आता सांगते.

चष्मेवाल्याने चुकून लिहिलं नाही. तो माझा खोटेपणा. त्याने विचारलं "या कोण?", आणि वन्सं म्हणाल्या, "ही? ही भिंगरी. माझी लेक." मी घाईने म्हटलं, नाही हो, मी भावजय त्यांची. वन्संनी माझा हात घट्ट धरला आणि त्याला म्हणाल्या, "हिचं ऐकू नका, हिला पहिल्यापासून उलटं बोलायची सवय आहे." चष्मेवाला म्हणाला, "पेशंट जे सांगेल ते लिहावंच लागतं." मग वन्संनीच तुझं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट घडाघडा सांगितलं आणि त्याने लिहून घेतलं.

आणि हे त्या दिवशीच झालं असं नाही. गेल्या वर्षापासून त्या मला भिंगरी म्हणतात. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "भिंगरी आली का?" सुरुवातीला मी सांगायचे, नाही हो वन्सं, ती लांब असते. मग त्यांचा चेहरा असा व्हायचा की मला बघवायचं नाही. आणि थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तोच चेहरा. एक दिवस कंटाळून मी म्हटलं, "आले." त्या इतक्या शांत झाल्या, भिंगरी! तेव्हापासून मी रोज "आले" म्हणते. तुझ्या नावाने शिव्या खाते आणि तुझ्या नावाने लाडही करून घेते. परवा त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "वर्गाचं मनावर घेऊ नकोस. नको असेल तर नको." मी आत जाऊन रडले. ते वाक्य माझं नव्हतंच. माझ्याकडे भलत्याच पत्त्यावर आलं होतं. ते तुला पोचवावं की नाही यात माझे इतके दिवस गेले.

तुला सांगितलं नाही कारण मला वाटलं, तुला लागेल. माझ्या आईने माझी जागा दुसऱ्या कोणाला देऊन टाकली असं वाटेल. आणि खरं सांगू? थोडं मलाच सांगायचं नव्हतं. मला मूल नाही. एवढ्या उशिरा का होईना, कोणीतरी मला लेक म्हणत होतं.

तू का येत नाहीस ते मला माहीत आहे. टायपिंग आता कोणाला नको, वर्ग बंद कर, असं तू म्हणालीस आणि त्या म्हणाल्या, "पुन्हा या घरात पाय ठेवायचा नाही." मी तिथेच उभी होते, हातात चहा होता. तुझं बरोबर होतं. म्हणूनच तर त्यांना ते सोसलं नाही. पण ज्या बाईला सकाळचं दुपारी आठवत नाही, तिचं ते एक वाक्य तू इतकी वर्षं पाठ करून बसली आहेस. त्या विसरल्या गं. ते वाक्य आता फक्त तुझ्याकडे आहे.

आता सहीचं. मी सही करणार नाही. मोहात पडले होते, पेन उघडलं होतं. मग वाटलं, एकदा मी तुझ्या नावाने सही केली की तू यायची गरजच संपते. कागदावर तू आईचं करणारी गुणी लेक, सरकारचा शिक्का असलेली, आणि तिकडे तू पार्सलं बांधत बसलेली. ते श्रेय मी तुला फुकट देणार नाही. आईच्या उशाशी मी तुझं नाव रोज चालवते तेवढं पुरे. कचेरीत नाही चालवायची. आणि चालवूनही उपयोग नाही. शुश्रूषागृहाचा नियम आहे, नोंद असलेल्या काळजीवाहकाने ओळखपत्र दाखवून स्वतः आणून सोडायचं आणि स्वतः परत न्यायचं. तिथे माझ्या तोंडावर "मामी" लिहिलेलं असेल.

तेव्हा सरळ सांगते, मनात ठेवत नाही. तू ये. त्या कागदावर तुझी सही तूच कर. तेवीस तारखेला वन्संना तिथे घेऊन जायचं आहे, चोवीसला माझं ऑपरेशन आहे. पंधरा दिवसांनी त्यांना परत आणायचं, आणि त्यानंतर तीन महिने मला काही उचलायचं नाही. म्हणजे उचलायचं तुला. कसं उचलायचं ते मी खुर्चीत बसून शिकवीन. कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून वाकायचं, आणि आधी त्यांना सांगायचं की आपण आता उठतोय, नाहीतर त्या घाबरून मानेला मिठी मारतात. तुझी नोकरी आहे, मला ठाऊक आहे. माझंही मशीन आहे. मी बंद ठेवलं, तूही बघ काय बंद ठेवता येतं ते.

एक गोष्ट मात्र फसवून ठेवत नाही. तू आलीस की त्या तुला ओळखतीलच असं नाही. तुझ्याकडे बघून म्हणतील, "कोण आपण? फी भरली का?" आणि मला भिंगरी म्हणून तुझ्याशी ओळख करून देतील. तयारी ठेवून ये. मला सवय व्हायला वेळ लागला होता, तुलाही लागेल.

वन्संनी त्या दिवशी चष्मेवाल्याला झापलं ते चुकीचं होतं. पहिल्यांदाच त्यांची भाषा चुकली. छापलेलं बरोबर होतं. नवीन सरकार येईपर्यंत जुन्याने जागा सांभाळायची, मोठे निर्णय घ्यायचे नाहीत, आणि राजीनामा आधीच दिलेला असल्यामुळे सोडूनही जाता येत नाही. मी दुसरं काय करते आहे?

येताना काही आणू नकोस. हात मोकळे लागतील. दार लोटलेलंच असतं, वरची कडी मी काढून ठेवीन. आत आलीस की त्या विचारतील, "भिंगरी आली का?" त्या दिवशी मी गप्प बसेन. उत्तर तू दे.

आशीर्वाद आहेत. ते कधी बंद नव्हते.

तू येईपर्यंत काळजीवाहू,
तुझी मामी